बेचाळीसपैकी दोन

शाळेच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या त्या मुलीला सगळे टाकी म्हणत. तिचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते हजेरीपटाखेरीज फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. टाकी हे नाव तिला दोनदा मिळालं, आणि दोन्ही वेळा तिला न विचारता.

पहिल्यांदा मिळालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिचे बाबा इमारतींच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या साफ करायचे. एकदा ते शाळेचीच टाकी साफ करायला आले. मधल्या सुट्टीत गमबूट घालून, कोपरापर्यंत शेवाळ घेऊन खाली उतरले आणि भर मैदानात त्यांनी लेकीला हात केला. बस, एवढाच गुन्हा. दुसऱ्या दिवसापासून ती टाकीवाल्याची झाली आणि आठवड्याभरात नुसती टाकी. मुलांना लांबलचक नावं घ्यायचा कंटाळा असतो. पुढची पाच वर्षं हे नाव तिला बुटात गेलेल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

दुसऱ्यांदा मिळालं ते सोळाव्या वर्षी, एका वाढदिवसाला. वर्गातल्या वकिलाच्या घरी. हा वकील म्हणजे वकील नव्हे, वकील आई-बापांचा मुलगा. पण कोपऱ्यातल्या झुरळाचीही बाजू मांडण्याची त्याला सवय होती, म्हणून तोच वकील. त्या दुपारी बाटल्या निघाल्या. टाकीनं आयुष्यात कधी घेतली नव्हती. घोटाघोटानं प्यायची असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घाबरून तिनं औषध घेतात तसे तीन ग्लास एका दमात संपवले, आणि भिंतीला पाठ टेकलेली असल्यामुळे ती पडली नाही.

"अरे, ही तर खरोखरची टाकी!" जिराफ ओरडला. जिराफ म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. त्याच्या ओरडण्याला वजन होतं, कारण ते वरून यायचं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाव तेच, अक्षरं तीच, पण त्यातला गाळ त्या टाळ्यांनी धुऊन निघाला. काल जे हिणवणं होतं ते आज किताब झालं. घरी गेल्यावर ती बादलीत डोकं घालून बसली आणि आईला म्हणाली, पाव शिळा होता. पण राज्याभिषेकाच्या वर्णनात असल्या बारीकसारीक गोष्टी कुणी घेत नाही.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी वकिलाच्या घरी पाच जण जमायचे. टाकी, जिराफ, स्वतः वकील, डॉक्टर व्हायचं ठरवून बसलेली आणि आतापासूनच सगळ्यांच्या जिभा तपासणारी डॉक्टरीण, आणि मुका. मुका बोलू शकत होता, पण तसा प्रसंग त्यानं कधी येऊ दिला नव्हता. या पाच जणांत टाकीचं आसन पक्कं होतं. ती सगळ्यात जास्त प्यायची आणि सगळ्यात शेवटपर्यंत उभी राहायची. सोमवारी वर्गात तिच्या पराक्रमाचे आकडे फिरायचे. ते फिरता फिरता वाढायचे आणि ती ते दुरुस्त करायची नाही.

या राज्यासाठी तिनं थोडंफार सोडलं होतं. पूर्वी शनिवारी ती बाबांबरोबर कामाला जायची. बाबा टाकीत उतरायचे, ती वर झाकणापाशी बसून बोलत राहायची. हा बाबांचा नियमच होता. बंद टाकीत हवा कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून वरच्या माणसानं सारखं काहीतरी विचारायचं आणि आतल्यानं उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं की दोर ओढायचा, विचार करत बसायचं नाही. "बाबा, सात साते किती?" "एकोणपन्नास." "बाबा, आई आज कुणावर चिडली होती?" "माझ्यावर. पुढचा प्रश्न." आता वर बसायला त्यांनी एक पगारी माणूस ठेवला होता. तो काहीच विचारायचा नाही, नुसता खोकायचा, आणि आतून बाबा खोकून उत्तर द्यायचे.

"अभ्यास आहे बाबा," ती म्हणायची.

"मग अभ्यास महत्त्वाचा," बाबा म्हणायचे. शनिवारी एवढा अभ्यास करूनही तिचे गुण का घसरताहेत, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आतला माणूस प्रश्न विचारत नाही, एवढीच त्यांची सवय.

शेवटच्या वर्षी बक्षीस समारंभाला एक भानगड झाली. लांब उडीत दुसरा आलेला मुलगा व्यासपीठावर गेला, प्रमुख पाहुण्यांना वाकून नमस्कार करायला गेला आणि त्यांच्या बुटांवर ओकला. दुपारचे बारा वाजले होते आणि वास लपण्यासारखा नव्हता. गेली कित्येक वर्षं मैदानामागच्या भिंतीपलीकडे बाटल्यांचा खच पडत असताना शाळेच्या नाकाला काही जाणवलं नव्हतं. पाहुण्यांचे बूट मात्र महागाचे निघाले, आणि शाळेचं नाक एका क्षणात उघडलं.

लगेच समिती नेमली गेली. समितीनं चहा-बिस्किटांवर तीन बैठका केल्या आणि फलक लावायचा ठरवला. मग एक तज्ज्ञ बोलावले. त्यांनी पडद्यावर खराब यकृताचा फोटो दाखवला. मागच्या बाकांनी यकृताला टाळ्या दिल्या. शेवटी मुख्याध्यापक सरांनी सगळ्यांना हात वर करून शपथ घ्यायला लावली. जिराफनं दोन्ही हात वर केले. सर भाषणात म्हणाले, असा उत्साह प्रत्येकानं दाखवला पाहिजे.

याच मोहिमेत तीन महिन्यांसाठी समुपदेशक बाई आल्या. बारीक अंगाच्या, साध्या बुटांतल्या, आवाज न चढवणाऱ्या. त्यांना ग्रंथालयामागची, जुने नकाशे ठेवायची खोली मिळाली होती. त्यांनी ना फोटो दाखवला, ना शपथ दिली. वर्गात येऊन बेचाळीस चिठ्ठ्या वाटल्या.

"नाव लिहू नका," त्या म्हणाल्या. "दोनच प्रश्न आहेत. एक, तुम्ही दर आठवड्याला दारू पिता का? हो किंवा नाही, खूण करा. दोन, या वर्गातले बेचाळीसपैकी किती जण दर आठवड्याला पीत असतील असं तुम्हाला वाटतं? आकडा लिहा."

टाकीनं 'हो'वर अशी दाबून खूण केली की कागदाच्या मागच्या बाजूला ती उमटली. दुसऱ्या प्रश्नाला तिनं पस्तीस लिहिलं. आपल्या राज्याला एवढी प्रजा तरी असायलाच हवी, असं तिला वाटलं.

दोन दिवसांनी बाई परत आल्या. "तुमच्या अंदाजांची सरासरी काढली," त्या म्हणाल्या आणि फळ्यावर त्यांनी एकतीस लिहिलं. वर्ग हसला. कुणीतरी शिट्टी मारली.

"आणि 'हो' म्हणणारे खरे इतके." बाईंनी शेजारी दोन लिहिलं.

वर्ग हसायचा थांबला.

"बावीस म्हणायचंय का?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"दोन. एक आणि एक."

आपण सोडून सगळं जग दर शनिवारी झिंगत असतं आणि आपण एकटेच घरी बसून बूट पुसतो, असं वाटून घेतलेल्या चाळीस जणांनी एकमेकांकडे पाहिलं. काहींचे चेहरे हळूहळू सैल पडले. काहींना फसवल्यासारखं वाटलं, कारण आदल्याच सोमवारी त्यांनी स्वतःच्या अंगावर बिअर शिंपडून शाळेत यायचा घाट घातला होता. बाईंनी खडूची पूड झटकली आणि त्या नकाशांच्या खोलीत निघून गेल्या.

टाकीच्या मात्र डोक्यात गणित फिरायला लागलं. दोन कसे? शनिवारी तर पाच जण असतात. एक खूण तिची. उरली एक. म्हणजे चौघांतल्या तिघांनी खोटं लिहिलं.

मधल्या सुट्टीत तिनं चौघांना जिन्याखाली गाठलं.

"मी 'हो' लिहिलं," जिराफ म्हणाला.

"मीही," वकील म्हणाला. "आणि ते मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे."

"मी तर ठळक लिहिलं," डॉक्टरीण म्हणाली.

मुक्यानं मान डोलावली. तीही 'हो'च्या दिशेनं.

एका खुणेवर चौघांनी हक्क सांगितला. एवढी झुंबड तर शाळेच्या शिष्यवृत्तीवरही कधी उडाली नव्हती.

"बाईंनी मोजताना चूक केली असणार," वकील म्हणाला आणि विषय बदलला.

टाकीला वाटलं, घाबरले असतील. पितात खरे, पण लिहायला कचरले. तिनं स्वतःची अशी समजूत घातली, पण ती समजूत परीक्षेभर काही नीट बसली नाही. गणिताच्या पेपरलाही तिच्या मनात तेच. पाचातून दोन गेले, राहिले तीन.

शेवटचा पेपर संपला त्या दुपारी वकिलाच्या घरी पाचही जण जमले. त्याचे आई-बाबा न्यायालयात होते. बाहेर ऊन तळपत होतं, म्हणून पडदे ओढले होते. टेबलावर नेहमीपेक्षा दुप्पट बाटल्या होत्या. जिराफनं गाणी लावली.

टाकीनं ग्लास भरला, पण तोंडाला लावला नाही. वर्षभरात पहिल्यांदाच ती शुद्धीत बसून आपल्या प्रजेकडे बघत होती, आणि तिला दिसायला लागलं.

डॉक्टरीण दर दहा मिनिटांनी ग्लास घेऊन हात धुवायला जायची आणि रिकामा ग्लास घेऊन परत यायची. एवढे स्वच्छ हात शस्त्रक्रियेलाही लागत नाहीत. मुक्याच्या हातातला ग्लास तासाभरानंतरही तेवढाच भरलेला होता. तो फक्त अधूनमधून ओठाला लावून खाली ठेवायचा, देवघरातल्या पंचपात्रीसारखा. वकील मात्र घटाघटा पीत होता. तो तरी आपला, असं वाटून टाकी त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर त्याचा ग्लास होता. तिनं सहज उचलून एक घोट घेतला.

"हा चहा आहे," ती म्हणाली.

"हळू बोल."

"गार चहा. साखरेचा."

"लिंबूही आहे त्यात," वकील म्हणाला. अशा वेळीही तपशील अचूक असावा असं त्याला वाटलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मला दारूनं मळमळतं गं. एकदा घेतली, दोन दिवस झोपून होतो."

"मग दर शनिवारी जमवतोस कशाला सगळ्यांना?"

वकिलानं फ्रिजचं दार उघडलं, बंद केलं.

"तू असतेस ना," तो शेवटी म्हणाला. "तुला बघायला मजा येते. म्हणजे, वाईट अर्थानं नाही. तू जिन्यावरून उलटी उतरून दाखवतेस, त्या दिवशी खुर्चीला भाषण दिलंस... आम्ही आठवडाभर हसत असतो. वर्गात सांगायला काहीतरी मिळतं."

टाकीच्या हातात अजून तो ग्लास होता. आपण सिंहासनावर बसलोय असं ती समजत होती. ती उंच जागा निघाली तंबूतल्या खेळाची, आणि खेळ बघायला लोक चहा पिऊन येत होते. वकिलाच्या तोंडावर तो चहा फेकावा असं तिला फार वाटलं. ती फेकणारही होती.

तेवढ्यात बाहेरून डॉक्टरणीची हाक आली. "टाकी! जिराफ बघ ना!"

झालं असं होतं की टाकी पीत नाही हे फक्त जिराफनं हेरलं होतं. वर्षभर तो तिच्या मागे दुसरा होता. आज टाकी गळतेय म्हटल्यावर त्यानं स्वतःचा ग्लास संपवला, तिचा संपवला, मग उरलेली बाटली उभ्यानं तोंडाला लावली. बेचाळीसपैकी दुसरा खरा तोच होता. आता तो सोफा आणि टेबल यांच्या मधल्या फटीत उताणा पडला होता. एवढा लांब माणूस घडी घातल्यासारखा दिसत होता. तोंडाच्या कोपऱ्यातून ओकारी गालावर आली होती.

"झोपलाय," वकील म्हणाला. "झोपू दे."

"कॉफी पाजू या काळी," डॉक्टरीण म्हणाली. जिभा तपासणारी ती मुलगी आता जिराफच्या जवळही जात नव्हती. "नाहीतर शॉवरखाली धरू या गार पाण्याच्या."

"आणि कुणाला फोन करायचा नाही हं," वकील म्हणाला. "आई पाच वाजता येते. तोवर तो उठेल. उठलाच पाहिजे."

टाकी गुडघ्यावर बसली. "जिराफ, सात साते किती?"

उत्तर नाही.

"जिराफ! तुझ्या बहिणीचं नाव काय?"

तिनं त्याचा खांदा जोरात हलवला, कानाखाली चिमटा घेतला. डोळे उघडले नाहीत. घशात घरघर झाली आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही, मग पुन्हा घरघर. झाकणापाशी बसून शंभरदा ऐकलेला नियम तिला समोर कुणी म्हणाल्यासारखा आठवला. उत्तर नाही आलं की विचार करत बसायचं नाही.

"मुक्या, टेबल सरकव. वकील, त्याचे पाय धर. कुशीवर घ्यायचंय त्याला. उताणा ठेवलात तर ओकारी घशात अडकेल, मरेल तो."

"मरेल?" वकिलाच्या तोंडचं पाणी पळालं.

"पाय धर!"

तिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवलं. तिनं त्याचा वरचा गुडघा पुढे वाकवला, हात गालाखाली दिला, रुमाल बोटाला गुंडाळून तोंड साफ केलं. मग फोन उचलला.

"आईला कळेल," वकील म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "घरी पोलीस आले तर? माझं कॉलेज..."

"तुझी बाजू नंतर मांड," टाकी म्हणाली आणि रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला. पत्ता तिनं नीट सांगितला, मजला सांगितला, किती प्यायलाय तेही सांगितलं. मग बाबांना फोन केला. का केला हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. ते दोन गल्ल्या पलीकडच्या एका इमारतीच्या गच्चीवर होते, एवढं मात्र खरं.

रुग्णवाहिका येईपर्यंतची चौदा मिनिटं ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. प्रत्येक श्वास मोजला. मुका शेजारी बसला आणि वर्षभरात पहिल्यांदा सलग बोलला. "मीही पीत नव्हतो गं. न येण्याची भीती वाटायची. नाही आलो तर माझी आठवण कुणाला येईल?" टाकी म्हणाली, "आता नको, मोजतेय." बिचाऱ्यानं बोलायला दिवस चुकीचा निवडला होता.

रुग्णालयात जिराफला आत नेलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की वेळेवर आणलं, कुशीवर ठेवलं हे फार बरं केलं, रात्रभर ठेवावं लागेल पण तो वाचेल. जिराफची आई बाकावर बसली आणि तिथेच पदर तोंडाला लावून रडली. टाकीचे बाबा गमबूट घालूनच आले होते. फरशीवर त्यांच्या बुटांचे ओले ठसे उमटले होते आणि अंगाला ब्लीचिंग पावडरचा वास होता. रुग्णालयात तो वास कुणाला खटकला नाही.

"टाकी, तुला नर्स बोलावतायत, तो किती प्यायला ते लिहून घ्यायचंय," डॉक्टरीण येऊन सांगून गेली.

बाबांच्या चेहऱ्यावर त्या गडबडीतही थोडं हसू आलं. "टाकी म्हणतात ना तुला शाळेत? मला ठाऊक आहे. मुख्याध्यापकांच्या शिपायानं सांगितलं होतं. आपल्या कामावरून. मी कामावर सगळ्यांना सांगत असतो, पोरीला लाज नाही वाटत म्हणून."

टाकीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण रुग्णालयाची फरशी पक्की होती.

"तुमच्यावरून नाही, बाबा," ती म्हणाली. "आधी होतं. चिडवायचे. मग... पिण्यावरून झालं. मी खूप पिते म्हणून. दर शनिवारी."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"मला वाटायचं रात्री जागून वाचतेस म्हणून डोळे लाल," ते म्हणाले.

"चिडा ना बाबा."

"चिडीन. घरी गेल्यावर चिडीन, आईही चिडेल." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "माझ्यावरून चिडवायचे, ते इतकं वाईट होतं का गं?"

पाच वर्षं तिनं या प्रश्नाचं उत्तर रोज वर्गात बसून दिलं होतं, पण बाबांच्या तोंडावर ते देता येईना. ती त्यांच्या ओल्या बाहीला कपाळ टेकून रडली. बाबा नुसते पाठीवर थोपटत राहिले. त्यांनी आणखी एकही प्रश्न विचारला नाही. घरी आई मात्र ठरल्याप्रमाणे चिडली आणि दोन दिवस चिडलेली राहिली.

शाळेनं या प्रसंगाचं सोनं केलं. मोहिमेच्या समारोपाला मुख्याध्यापक सरांना एक सुधारलेला विद्यार्थी व्यासपीठावर हवा होता. त्यांनी टाकीला बोलावलं.

"व्यसनाच्या दरीतून तू कशी वर आलीस, ते तुझ्या शब्दांत सांग," ते म्हणाले आणि त्यांच्या शब्दांत लिहिलेला कागद त्यांनी पुढे केला.

"सर, आठच दिवस झालेत," टाकी म्हणाली. "अजून वर आले नाही मी. परवा शनिवार होता, दुपारी हात थरथरत होते."

"ते सांगू नकोस," सर म्हणाले.

तिनं कागद परत केला. मग व्यासपीठावर कोण आलं? वकील. दारूचा मोह आपण कसा मनोनिग्रहानं सोडला यावर तो बारा मिनिटं बोलला. गार चहा सोडल्याचा एवढा हृदयस्पर्शी वृत्तान्त त्या सभागृहानं पूर्वी ऐकला नसेल. पालकांनी डोळे पुसले, आणि त्याला प्रशस्तिपत्रक मिळालं. मागच्या रांगेत बसलेल्या टाकीला हसू आवरेना, आणि शेजारी बसलेला जिराफ म्हणाला, "हसू नकोस, माझ्या पोटात दुखतं अजून."

नकाशांच्या खोलीत ती समुपदेशक बाईंना चारदा भेटली. पहिल्यांदा गेली तेव्हा म्हणाली, "मी सोडली तर मी कोण उरणार, तेच कळत नाही."

बाई म्हणाल्या, "मलाही नाही कळत. मी तुला ओळखत कुठे? शनिवारी दुपारी दुसरं काय करतेस ते बघू आधी."

टाकीला वाटलं होतं, बाई काहीतरी खोल बोलतील. त्यांनी एक कोरं वेळापत्रक पुढे सरकवलं. पहिले तीन शनिवार फार लांब गेले. तिसऱ्या शनिवारी ती चुकली, एका नातलगाच्या घरी दोन ग्लास प्यायली, आणि मंगळवारी बाईंना सांगून टाकलं. बाईंनी ना कपाळाला हात लावला, ना भाषण दिलं. पुढचा शनिवार कसा जाईल ते विचारलं. जिराफही येऊ लागला. नकाशांच्या त्या खोलीत त्याला मान वाकवून बसावं लागे. चौथ्या शनिवारी टाकी बाबांबरोबर गच्चीवर गेली. पगारी माणूस त्या दिवशी खोकत घरी बसला.

सुट्टी संपल्यावर तिला दुसऱ्या शहरात पाण्याच्या तपासणीचा अभ्यासक्रम मिळाला. वसतिगृहात जाण्यापूर्वी महिनाभर तिनं एक उत्तर घोकलं होतं. कुणी प्यायला विचारलं तर काय सांगायचं, जिराफचं किती सांगायचं, स्वतःचं किती, आवाज कुठे खाली आणायचा. आरशासमोर तिनं ते इतक्यांदा म्हटलं की आईनं विचारलं, नाटकात घेतलंय का तुला?

पहिल्याच दिवशी खोलीतल्या दुसऱ्या मुलीनं पिशव्या खाली टाकल्या आणि विचारलं, "संध्याकाळी सगळ्या जमणार आहेत वरच्या मजल्यावर. बिअर आहे. पितेस का?"

टाकीनं खोल श्वास घेतला. "नाही," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं सांगण्यासाठी तिनं तोंड उघडलं.

"बरं," ती मुलगी म्हणाली. "खिडकीकडची खाट मी घेऊ का?"

टाकी उघड्या तोंडानं तशीच उभी राहिली. एवढी तयारी करून गेलेल्या माणसाला कुणी 'का' म्हणूनही विचारू नये, हा तिला थोडा अपमानच वाटला. मग तिच्या लक्षात आलं की खिडकीकडची खाट तिलाही हवी आहे.

"नाही," ती म्हणाली, "ती मला हवीय."

त्यावरून दोघींचं अर्धा तास भांडण झालं.